आफ्रिकन मुलींचे केस वाढतच नाहीत म्हणतात, मग माझ्या खुर्चीत बसलेलीचे सोळा इंच कसे?

मानेवाड्याची_पार्लरवाली

नमस्कार मंडळी. माझं नागपुरात मानेवाड्याला छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्या, एक हेल्पर पोट्टी अन् मी. अठरा वर्षं झाली या लाइनमध्ये, वाटायचं की केसांमधलं आता काही नवीन पाहायचं राहिलं नाही. तर मागच्या आठवड्यात भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही अशा उन्हात एक आफ्रिकन मुलगी आली. टांझानियाची आहे, इथे कॉलेजात शिकते, आमच्या मागच्याच गल्लीत तिघी मिळून रूम करून राहतात. तिला डोक्यावरच्या बारीक बारीक वेण्या सोडवून पाहिजे होत्या, रूममेट गावी गेल्या अन् एकटीला मागचं जमत नाही म्हणे. मी म्हटलं बस.

हेल्पर माझ्या कानात म्हणते, ताई हे सगळं नकली आहे, आत बोटभर केस निघतील, यांचे वाढतच नाहीत ना. फेशियलला बसलेल्या काकूंनी डोळ्यांवरची काकडी न काढताच मान डोलावली, "हो हो, त्यांच्या रक्तातच नसतं ते." खरं सांगू का, मलापण तसंच वाटत होतं म्हणून मी गप्प बसली.

अडीच तास लागले. टेल कोमच्या शेपटीने एकेक वेणी उकलत गेली, खाली नकली केसांचा ढीग पडला, अन् धुतल्यावर तिचे स्वतःचे केस असे कानाच्या वर गोळा होऊन बसले, पिंजलेल्या कापसासारखे. हेल्पर माझ्याकडे बघून हसली, म्हणजे बघा मी म्हटलं होतं ना. ते त्या पोरीने आरशात पाहिलं. बोलली काही नाही, फक्त मानेजवळची एक बट चिमटीत धरली अन् हळूहळू खाली ओढत गेली, ओढत गेली, पार पाठीच्या मधोमध आली. सोडली तर टुणकन परत वर! मी टेपच काढला. सोळा इंच. तेव्हा काकूंनी काकडी काढली.

पुढचं सांगायला लाज वाटते पण सांगते. केस सुकत आले होते अन् मी सवयीने बारीक दात्यांची फणी घेतली आणि मुळापासून खाली ओढली. फणीचे दोन दाते तुटले, पोरीच्या डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, "दीदी, पहले पानी डालो, नीचे से करो." मग तिनेच फवाऱ्याची बाटली घेतली, डोक्याचे चार भाग केले अन् बोटांनी टोकाकडून वर वर गुंता काढत गेली. मी अठरा वर्षांची अनुभवी, बाजूला उभी राहून बघत होती.

आता सांगा, हे "वाढत नाहीत" आलं कुठून? सगळ्यांचे वाढतात की हिचे एकटीचे? अन् असे केस धुवायचे विंचरायचे कसे, कारण आम्ही कोर्स केला तेव्हा सरळ, वेव्ही अन् फार तर कुरळे एवढंच शिकवलं, हे कोणी शिकवलंच नाही. ती परत येणार आहे.

---

कुरळी_पोट्टी_नागपूर

ताई तुमची पोस्ट वाचून मले माझं लहानपणच आठवलं बाप्पा. माझे केस आफ्रिकन नाहीत पण चांगले घट्ट कुरळे हायेत, अन् शाळेत मले सगळे झिपरी म्हणत. घरी पण तेच, आई रविवारी कोरड्या केसांत फणी घाले अन् मी अख्ख्या वाड्याले ऐकू जाईल अशी रडो. फणीत गुच्छेच्या गुच्छे येत अन् मग आईच म्हणे, इचे केस काही वाढत नाहीत. आता वाढतीन कसे वो, दर रविवारी तोडूनच राहिले तं!

मंग लग्नाच्या आधी एका पार्लरात स्मूदनिंग, म्हंजे केस सरळ करायचं, केलं (नाव नाही सांगत, भांडणं होतात), चार महिने मस्त दिसली, त्यानंतर कानापासून खाली झाडूसारखे तुटाले लागले. तीन वर्षं लागली ते सगळं कापून नवीन आणाले. आता ओल्या केसांत कंडिशनर लावूनच गुंता काढते, कोरड्यात हातच नाही लावत. अन् जवसाचं जेल लावते. हो, तेच आपलं चटणीचं जवस. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा, चिकट झालं की गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळा, थंड झाल्यावर ते कापडातून खाली उतरतच नाही, मी पहिल्यांदा तशीच फसली. फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. त्या टांझानियावालीला विचारा, तिला माहीत असणारच, इंटरनेटवर हे जेल ब्लॅक बायकांनीच फेमस केलं हाय.

---

स्किनवाली_डॉक

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, नागपुरातच. ताई, एक आठवून सांगा. वेण्या सोडवताना नकली केसांची गाठ टाळूला चिकटून होती की टाळूपासून बोटभर खाली आली होती? घातली तेव्हा ती टाळूलगतच असणार. मग ती खाली कोणी सरकवली? तुमच्या हेल्परच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या डोळ्यांसमोर अडीच तास लटकत होतं.

केस वाढतो टाळूच्या आत, मुळाशी. मुळं जिवंत आहेत तोवर वाढ चालूच, मग माणूस टांझानियाचा असो की टाकळघाटचा. वेग थोडा वेगळा असतो, आपल्याकडे महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर धरतात, आफ्रिकन केस त्याच्या जरा मागे, पाऊण ते एक. पण थोडं हळू म्हणजे शून्य नव्हे ना. एक केस किती वर्षं वाढत राहतो ते ज्याचं त्याचं वेगळं, दोन ते सहा-सात वर्षं, मग तो गळतो आणि त्याच जागी नवीन येतो. हे आपल्यातही दिसतं, एका घरात एका बहिणीची वेणी कमरेच्या खाली आणि दुसरीची खांद्याशी अडकलेली.

खरी भानगड टोकाशी आहे. त्या केसाचा आडवा छेद गोल नसतो, चपटा असतो, आणि मुळापासूनच तो वळत वळत बाहेर येतो. आपल्या सरळ केसावर टाळूचं तेल आपोआप खाली उतरतं (म्हणूनच दोन दिवसांत चिपचिप होतात), त्याच्यावर प्रत्येक वळणाला ते अडतं. त्यामुळे टाळूला तेल असलं तरी टोकं कोरडी. आणि प्रत्येक वळण ही तुटायची जागा. म्हणजे नळ चालू आहे पण बादलीला खाली भोक आहे, पाणी तेवढंच दिसतं आणि आपण म्हणतो नळाला पाणीच नाही. कुरळी_पोट्टीच्या आईने बरोबर हेच केलं, आणि सॉरी ताई, तुमच्या त्या फणीनेही.

दुसरी गोष्ट आकसण्याची. असे केस वाळल्यावर खऱ्या लांबीच्या पाव एवढेही दिसू शकतात. सोळा इंचांचे चार इंच. ज्याने कोणी बट ओढून पाहिली नाही तो आयुष्यभर चारच इंच मोजणार.

आणि केस सरळ करायची ती जी रिलॅक्सर क्रीम असतात, त्यातल्या कितीतरींमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, तोच कॉस्टिक सोडा, तुंबलेली मोरी साफ करायला टाकतात तो. केसाच्या आतले बंधच तोडतो, टाळू भाजते, आणि मग केस तुटतात. २०२२ मध्ये अमेरिकेत साडेतेहतीस हजारांच्या आसपास बायकांवरचा अभ्यास आला होता, त्यात केस सरळ करायची उत्पादनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं, सत्तरीपर्यंत न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के तर वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५. यातून थेट कारण सिद्ध होत नाही, संबंध दिसतो एवढंच, पण मी माझ्या पेशंटना हे सांगते. स्मूदनिंगवाल्यांनीही जरा वाचावं. (ताई राग मानू नका, तुमच्याही रेटकार्डवर असेलच.)

---

इतवारीचा_विजू

मी कपडा लाइनचा माणूस, केसांतलं काही समजत नाही अन् माझे स्वतःचे उरलेपण नाहीत. पण एक शंका. एवढं सगळं आहे तर मग टीव्हीवर दिसतात त्या सगळ्या विग नाहीतर नकली वेण्यांतच का असतात? वाढतात तर दाखवा ना बे मोकळे सोडून. वाईट अर्थाने नाही विचारत.

---

गंगावन_काकू

विजूभाऊ, तुमच्या आईच्या लग्नाचा फोटो काढा एकदा. त्यातली ती ढोपरापर्यंतची वेणी खरी वाटते का तुम्हाला? गंगावन होतं ते! आमच्या वेळी प्रत्येक घरच्या ट्रंकेत एक गंगावन असायचं, काळ्या गोंड्याचं, डांबरगोळ्यांसोबत ठेवलेलं, अन् वापरलं की वास आठ दिवस जायचा नाही. माझ्या लग्नात तर वेणी लाजाहोमाच्या वेळी सुटून खाली पडली होती, दिराने उचलून आणून दिली. तेव्हा कोणी म्हणालं नाही की मराठी बायांचे केस वाढत नाहीत म्हणून.

अन् आपण तिरुपतीला जे केस देऊन येतो त्यांचा लिलाव होतो, त्यातले कितीतरी विग आणि एक्स्टेन्शन बनून परदेशात विकले जातात. म्हणजे त्या टीव्हीवालीच्या डोक्यावर तुमच्याच वहिनीचा नवस असू शकते.

---

नैरोबी_ते_नरेंद्रनगर

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही अकरा वर्षं केनियात होतो, म्हणून लिहिते. विजूभाऊंचा प्रश्न मीपण विचारला होता, शेजारणीला, आणि ती खूप हसली होती. ती नकली केस मिसळून घातलेली वेणी बऱ्याचदा आतले केस झाकायला असते, म्हणजे टोकं वेणीत बंद, ना धूळ ना घासणं ना रोजचं विंचरणं, दीड-दोन महिने तशीच ठेवायची आणि त्या काळात आत जे वाढतं ते वाचतं. आपण लोणचं बरणीत घालून वर फडकं बांधतो तसं. फॅशन म्हणूनही घालतात अर्थात, त्यात काय एवढं.

पण एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. आफ्रिकन मुली म्हटल्या की आपल्याला बारीक केसांच्याच डोळ्यांसमोर येतात ना? त्याचं मोठं कारण शाळा आहे! केनिया, टांझानिया, युगांडा, घाना, इथल्या कितीतरी सरकारी शाळांत मुलींनी केस भादरूनच यायचं असा नियम, मुलांसारखे. आमच्या शेजारणीची मुलगी सुट्टीत केस वाढवायची आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी रडत रडत न्हाव्याकडे जायची. वाढत नसते तर नियमच कशाला लागला असता! पार्लरवाली ताई, तुमच्या त्या मुलीला विचारा शाळा कधी संपली, तिथून हिशोब लावा.

बाकी तिथे रविवार म्हणजे केसांचा दिवस. सकाळी सुरू, दुपारच्या जेवणापर्यंत. आधी तेल किंवा कंडिशनर, मग चार-सहा भाग करून प्रत्येक भाग पिळून क्लिपने बांधायचा, एकावेळी एकच सोडायचा. रुंद दात्यांचा कंगवा, तोही टोकाकडून. शाम्पू फक्त टाळूला, केसांना खाली वाहून जाईल तेवढाच. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुना टी-शर्ट. आणि सरळ करायचे तर मशीन नाही, काळा दोरा! प्रत्येक बटेला मुळापासून टोकापर्यंत दोरा गुंडाळत जायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी सोडलं की केस ताणून लांब. बिना विजेचं स्ट्रेटनिंग. चाड देशातल्या बासारा बायकांचं मी ऐकूनच होते, त्या चेबे म्हणून एका बियांची पूड तेलात कालवून केसांना लावतात आणि पुन्हा वेणीत बंद करतात, मुळांना नाही लावत हं, लांबीलाच. त्यांचे केस कमरेच्याही खाली असतात. त्या पुडीने केस "उगवतात" असं काही नाही, तुटत नाहीत एवढंच, डॉक म्हणाल्या ते बादलीचं भोक बुजवणं.

आणि पार्लरवाल्या ताई, "यांच्या रक्तात", "यांच्या जातीत" हे शब्द त्या मुलीला हिंदीत कळतात हो. तिने ऐकलं असणार.

---

संविधान_चौक

वरची पोस्ट वाचून राहवलं नाही. रक्तात नाही, जातीत नाही, ही भाषा निदान दीक्षाभूमीच्या गावात तरी आपल्याला ओळखीची असायला पाहिजे. कोणाच्या तरी शरीराकडे बोट दाखवून म्हणायचं की हे तुमच्यात मुळातच कमी आहे.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या काळात पेन्सिल टेस्ट होती. माणूस कोणत्या वंशाचा हे ठरत नसलं की केसांत पेन्सिल खुपसायची, खाली पडली तर एक वर्ग, अडकून राहिली तर दुसरा. त्यावर कुठे राहायचं, कोणाशी लग्न करायचं हे ठरायचं, एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या वर्गात गेली. त्याच्याही आधी, १७८६ मध्ये, आजच्या अमेरिकेतल्या लुइझियानात तेव्हाच्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला की कृष्णवर्णीय बायकांनी केस रुमालाखाली झाकून बांधायचे, कारण त्या फार नटतात आणि गोऱ्या बायकांपेक्षा उठून दिसतात. आता हे बघा, ज्यांचे केस "वाढतच नाहीत" त्यांचे केस झाकायला हुकूम! बायकांनी मग रुमालच इतके झकास बांधायला सुरुवात केली की तीच फॅशन झाली.

आणि हे सगळं जुनं नाही. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतच, प्रिटोरियातल्या मुलींच्या शाळेत विद्यार्थिनींनी केसांच्या नियमांविरुद्ध आंदोलन केलं, त्यांना नैसर्गिक केस "नीट करा" म्हणत होते. अमेरिकेत केसांवरून नोकरी-शाळेत भेदभाव करू नये म्हणून कॅलिफोर्नियाने क्राउन अ‍ॅक्ट केला तो २०१९ मध्ये, तसा करणारं पहिलं राज्य. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाचा अभ्यास करत आलोय म्हणून. आपण निदान फणी तरी जपून घालावी.

---

अमरावतीचा_प्रवीण

एक बाळबोध प्रश्न, त्या ज्या दोऱ्यासारख्या जाड लटा ठेवतात ते म्हणजे आपल्याकडची जटच ना? आमच्या गावात एका आजीला जट आली होती तर देवीची म्हणून कोणी हात लावू दिला नाही, मानेचं दुखणं घेऊनच गेली बिचारी.

---

स्किनवाली_डॉक

नाही प्रवीण, दिसायला जवळपास पण गोष्ट उलटी. जट होते ती केस न धुता न विंचरता गुंतत गेल्याने, आणि मग भीतीने ठेवली जाते. अंनिसचे कार्यकर्ते घरोघरी समजावून ती कापतात ते याचसाठी, खरंच मान आखडते, आत उवा-जखमा होतात. तू म्हणतोस त्या लटा, म्हणजे लॉक्स, मात्र स्वतःच्या मर्जीने, भाग पाडून, नियमित धुऊन ठेवतात आणि नको झाल्या की कापतात. फ्लोरिडातल्या आशा मंडेला यांच्या लॉक्स २००९ मध्ये गिनीजने मोजल्या तर ५.९६ मीटर. आता त्यात गळलेले केसही आतच धरून राहतात म्हणून एवढी लांबी जमते, एक अखंड केस सहा मीटरचा नसतो, पण आलं ते सगळं त्यांच्याच डोक्यातून.

वेण्या घालणाऱ्यांसाठी एकच: घातल्यावर डोकं ठणकलं किंवा कपाळाच्या कडेला पुरळ उठलं तर वेणी घट्ट आहे, लगेच सोडा. वर्षानुवर्षं ताण बसला की कानशिलाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. हे मी इथे घट्ट पोनी बांधणाऱ्या कॉलेजच्या मुलींमध्ये पण बघते.

---

मानेवाड्याची_पार्लरवाली

सगळ्यांचे खूप आभार, एवढं लिहाल वाटलं नव्हतं. डॉक, तुमचं बरोबर निघालं, गाठ टाळूपासून चांगली दीड बोट खाली होती, मी ती कात्री कुठे लावायची याची खूण म्हणूनच बघत होती पण डोक्यात प्रकाश पडला नाही.

काल ती आली होती. मी सरळ माफी मागितली, फणीचीपण अन् त्या बोलण्याचीपण. ती म्हणे कोई बात नहीं दीदी, सब जगह बोलते हैं. ते "सब जगह" ऐकून जास्तच वाईट वाटलं. शाळेचं विचारलं तर नैरोबीताई म्हणाल्या तसंच, शाळा संपेपर्यंत दर महिन्याला भादरायचे, संपून पाच वर्षं झाली. मग मी हेल्परलाच कागद पेन दिला, म्हटलं लाव हिशोब. साठ महिने, महिन्याला पाऊण सेंटिमीटर धर, पंचेचाळीस. इंचात पावणेअठरा. पावणेदोन इंच कापण्यात गेलं असं ती म्हणे, म्हणजे बसलं की नाही गणित! हेल्पर दहावीत गणितात दोनदा राहिली होती, तिलापण बसलं.

धुताना तुम्ही सांगितलं तसे सहा भाग केले, ओल्यातच कंडिशनर, रुंद कंगवा, टोकाकडून. पावणेदोन तास लागले पण एक दातापण तुटला नाही अन् फणीत आलेले केस मुठीतपण मावतील एवढेच. विजूभाऊ, मोकळे सोडून गेली ती, रस्त्यावरचे वळून वळून बघत होते. जवसाचं जेल मी गार झाल्यावर गाळायला गेली अन् कुरळी_पोट्टीसारखीच फसली, ओढणी फेकावी लागली.

रेट काय लावू ते मात्र कोणी सांगितलं नाही. नेहमीच्या हेअर वॉशचे घेतले तर मला परवडत नाही अन् वेगळे लावले तर तिला वाटेल आफ्रिकन म्हणून जास्त घेते. शेवटी बोर्डावर "वेळेनुसार, ताशी" असं लिहिलं, सगळ्यांनाच. काकू नाराज आहेत, त्यांचं फेशियल सव्वा तास चालते. अन् बारीक वेण्या घालायच्या कशा ते ती पोरगी मला रविवारी शिकवणार आहे, हेल्परच्या डोक्यावर. हेल्पर अजून हो म्हणाली नाही.